जेवणाच्या प्रार्थनेत हसू आलं तर?

ताई, तुमचा प्रश्न आधी नीट मांडून घेतो, म्हणजे माझं उत्तर नेमकं कशाला आहे ते स्पष्ट राहील. जेवायला बसलं की तुमचे यजमान म्हणतात, "आला वास, लागली भूक, थँक्यू देवा, आता चूप!" मुलं खिदळतात, सगळे आमेन म्हणतात आणि जेवण सुरू होतं. मोठा मुलगा ९ वर्षांचा, धाकटी ४ वर्षांची. मागच्या आठवड्यात सासूबाई राहायला आल्या. त्यांनी नातवाला प्रार्थना करायला सांगितली, त्यानं तीच ओळ ठसक्यात म्हटली, शेवटच्या शब्दाला टेबलावर थाप मारली, आणि आजी ताट पुढे सारून उठून गेल्या. यजमान म्हणतात, घरात आनंद असला की देवालाही आनंदच होतो. सासूबाई म्हणतात, ही देवाची थट्टा आहे. तुम्ही दोघांच्या मध्ये सापडलात आणि विचारताय: हसत केलेली प्रार्थना पाप असते का? नसेल, तर रेष कुठे ओढायची?

मी २४ वर्षं चर्चमध्ये पाळक, म्हणजे पास्टर, म्हणून काम करतोय. माझं बरंचसं काम लोकांच्या घरी, संध्याकाळच्या वेळी चालतं, त्यामुळे जेवणाच्या प्रार्थना मी पुष्कळ ऐकल्या आहेत. गाऊन म्हटलेल्या, पाठ म्हटलेल्या, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या, आणि जेवण निवून जाईपर्यंत लांबलेल्यासुद्धा. तीन मुलं वाढवताना आमच्या घरीही हा प्रश्न आला. तुमच्याकडचा वाद हसण्यावरून पेटला असला, तरी मला त्याचं मूळ हसण्यात दिसत नाही. ते त्या 'चूप'मध्ये आहे.

चूप कोणाला म्हटलं? यजमानांना विचारा. ते म्हणतील, मुलांना. प्रार्थना झाली, आता गडबड न करता जेवा. सासूबाईंच्या कानांनी मात्र ते देवाला म्हटलेलं ऐकलं. आणि दोघंही खरं बोलतायत. त्या ओळीतले पहिले दोन तुकडे कोणालाच उद्देशून नाहीत, तिसरा देवाला आहे आणि चौथा मुलांना. चार तुकड्यांत देवाच्या वाट्याला एकच आला, आणि तो तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत बोलणाऱ्यानं पाठ फिरवली. सासूबाईंना खुपलं ते हे पाठ फिरवणं. ते नेमक्या शब्दांत सांगता आलं नाही, म्हणून त्या थट्टा म्हणाल्या.

जेवणाच्या प्रार्थनेकडे मी याच एका कसोटीनं पाहतो: बोलणं कोणाशी चाललंय? देवाशी चाललं असेल, तर त्यात हसू येऊ दे, बोबडे शब्द येऊ देत, अगदी तक्रार येऊ दे, ती प्रार्थनाच असते. ताटाभोवतीच्या माणसांना ऐकवायला चाललं असेल, तर ते विनोदी असो की गंभीर, मला ते सारखंच पोकळ वाटतं. ही कसोटी मी पुस्तकातून शिकलो नाही. कुठे शिकलो ते पुढे सांगतो.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, हेही आधीच मान्य करतो. कॅथलिक घरात क्रुसाची खूण करून आशीर्वादाची ठरलेली प्रार्थना म्हणतात. ऑर्थोडॉक्स घरांत जेवणाआधी येशूनं शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' म्हणण्याची रीत आहे. अनेक प्रोटेस्टंट घरांत जो तो आपल्या शब्दांत बोलतो. ठरलेल्या शब्दांत वाढलेल्या माणसाला एखादा शब्द बदलला तरी ठेच लागते, आणि आपल्या शब्दांत बोलायची सवय असलेल्याला पाठ म्हटलेली प्रार्थना कोरडी वाटते. सासूबाई कोणत्या रीतीत वाढल्या हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते विचारून घ्या, कारण कधी कधी वाद श्रद्धेचा नसून सवयीचा असतो. मुलाच्या वयानंही फरक पडतो, आणि घर सध्या कसल्या दिवसांतून जातंय त्यानं तर फारच.

आता हसण्याबद्दलची भीती. पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, सर्वांत गाजलेलं हसू जेवणाच्या वेळचंच आहे. उत्पत्तीच्या १८व्या अध्यायात तीन पाहुणे मम्रेच्या झाडांपाशी अब्राहामाच्या दारी येतात. त्याची धांदल उडते. साराला पीठ मळायला सांगतो, गोऱ्हा निवडून चाकराकडे देतो, दही-दूध पुढे ठेवतो, आणि पाहुणे जेवत असताना झाडाखाली उभा राहतो. मग त्याला सांगितलं जातं, की पुढच्या वर्षी याच सुमारास साराला मुलगा होईल. ती तंबूच्या दारामागे ऐकत असते. मनातल्या मनात हसते, या वयात? देव विचारतो, सारा का हसली? ती घाबरून म्हणते, मी नाही हसले. उत्तर येतं, नाही, तू हसलीसच.

मी ही गोष्ट मुलांना सांगतो तेव्हा इथे थांबतो आणि विचारतो, देव कशावर बोलला? ती हसली याची त्यानं शिक्षा दिली का? दिली नाही. वचनही मागे घेतलं नाही. तिनं लपवलं ते मात्र लपू दिलं नाही. त्याआधीच, १७व्या अध्यायात, अब्राहामही हेच ऐकून हसला होता, आणि देवानं तिथल्या तिथे होणाऱ्या मुलाचं नाव सांगून ठेवलं होतं: इसहाक, म्हणजे 'तो हसतो'. पुढे मूल झाल्यावर सारा म्हणते, देवानं मला हसवलं, आणि जो ऐकेल तो माझ्यासोबत हसेल. विचार करा, त्या घरात पोराला जेवायला हाक मारायची म्हटलं तरी तोंडात हसणंच येत होतं. तेव्हा हसण्यानं देवाचा अपमान होतो, असं सासूबाईंना कोणी शिकवलं असेल तर ते अपुरं शिकवलंय.

याच्या विरुद्ध बाजूला इफिसकरांस पत्राच्या ५व्या अध्यायातलं ४थं वचन ठेवलं जातं, आणि बहुधा सासूबाईंच्या मनातही तेच असेल. तिथे प्रेषित पौल अमंगळ बोलणं, बाष्कळ बडबड आणि टवाळी नको म्हणतो. टवाळीसाठी त्यानं वापरलेला ग्रीक शब्द 'युट्रापेलिया'. गंमत अशी, की ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात हाच शब्द सद्गुण म्हणून वापरला होता: विदूषकी चाळे आणि रुक्षपणा यांच्या मधला, माणसाला शोभेल असा हजरजबाबीपणा. पुढे १३व्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्विनासनंही त्याला सद्गुणांत जागा दिली. पौलानं मात्र तो अमंगळ बोलण्याच्या रांगेत बसवला आहे, म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर चावट, माणसाला हलकं करणारी टवाळी आहे. आता खरं लक्ष द्यायचं ते वचनाच्या शेवटाकडे. टवाळीच्या जागी काय असावं? गंभीर चेहरा असावा असं पौल म्हणत नाही. तो म्हणतो, उपकारस्तुती असावी. मी एखादी गमतीची प्रार्थना ऐकली की एवढंच पाहतो, की हसू ओसरल्यावर मागे उपकाराची जाणीव उरली का. चार वर्षांचं लेकरू म्हणतं, "देवा, आईनं केलेल्या जेवणाबद्दल थँक्यू, फक्त भाजीबद्दल उद्या सांगतो." घरभर हशा पिकतो. पण ते पोर देवाशी प्रामाणिकपणे बोललंय, आणि उद्या पुन्हा बोलायचा वायदाही केलाय! तुमच्या यजमानांच्या ओळीतही 'थँक्यू देवा' आहे. म्हणून मी त्यांना टवाळखोर म्हणणार नाही. त्यांचे आभार खरे आहेत, फक्त त्यांना बसायला जागा मिळालेली नाही.

आता दुसऱ्या बाजूचं सांगतो, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण याबद्दल कोणी तक्रार करत नाही. गंभीर आवाजात केलेली प्रार्थनासुद्धा देवाकडे पाठ फिरवू शकते. लूकच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानतो. सुरुवात अगदी बरोबर आहे: हे देवा, मी तुझे आभार मानतो. आणि पुढे? मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा तर नाहीच. त्यानं 'स्वतःशीच' प्रार्थना केली, असाही मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ लावता येतो. घरोघरी जेवणाच्या वेळी मी याचीच लहान रूपं ऐकली आहेत. "प्रभू, उशिरा घरी येणाऱ्यांना वेळेचं भान दे." "प्रभू, ज्या हातांनी हे शिजवलं त्यांना मीठ किती घालावं ते कळू दे." डोळे मिटलेले, हात जोडलेले, आवाज खोल, आणि शब्दांचा रोख समोरच्या खुर्चीवर. अशा प्रार्थनेवर कोणी ताट सारून उठत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं चालत राहते.

हे मी स्वतः केलंय. आमची मोठी मुलगी १२ वर्षांची असताना परीक्षेत मागे पडली. त्या रात्री जेवणाआधी मी म्हणालो, "प्रभू, या अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो, आणि आमच्या लेकरांना दिलेल्या वेळेचा नीट उपयोग करायची बुद्धी दे." डोळे उघडले तर ती ताटाकडे बघत होती. तिनं आमेन म्हटलं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस मी प्रार्थना सुरू केली की ती डोळे उघडेच ठेवायची आणि पाण्याच्या पेल्यावर बोटानं रेघा ओढत बसायची. शेवटी मी तिला एकटीला गाठून माफी मागितली. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही देवाशी बोलत नव्हता, मला बोलत होता." इतक्या वर्षांच्या सेवेत मला प्रार्थनेबद्दल याहून नेमकं कोणी काही शिकवलेलं नाही.

मग तुमच्या घरातली ती ओळ तशीच चालू द्यावी का? माझं मत, नको. हसू येतं म्हणून मी हे म्हणत नाहीये. जेवणाआधी तुमच्याकडे ती एकच प्रार्थना आहे, आणि ती फक्त चांगल्या दिवसांपुरती आहे, हे माझं कारण.

एका कुटुंबाकडे मी बरीच वर्षं जात असे. त्यांच्याकडेही अशीच घरगुती यमकं होती. वडील तालात म्हणायचे, मुलं शेवटचा शब्द ओरडायची. मीही तिथे हसलो आहे. मग त्या वडिलांचा धाकटा भाऊ अचानक गेला. दफनानंतर दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे होतो. कोणीतरी जेवण आणून ठेवलं होतं. सगळे बसले, हात जोडले, आणि त्यांनी सवयीनं तोंड उघडलं तसा त्या यमकाचा पहिला शब्द बाहेर पडला. तिथेच ते थांबले. पुढचं म्हणवेना आणि दुसरं काही सुचेना. हात तसेच जोडलेले, अंगठ्याचं नख दुसऱ्या अंगठ्यात रुतलेलं, आणि कोणी वर बघेना. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्यांच्या ७ वर्षांच्या मुलीनं रविवारच्या शाळेत शिकलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली. एकेक जण तिच्या आवाजाला मिळत गेला. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' इथे वडिलांचा आवाज लागला. त्या दिवसानंतर मी प्रत्येक तरुण आईवडिलांना सांगतो, की घरात निदान एक प्रार्थना अशी ठेवा, जी वाईट दिवशीही तोंडातून निघेल.

ती लांब असायला हवी असं मुळीच नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या २७व्या अध्यायात १४ दिवस वादळात भरकटलेल्या तारवावर २७६ माणसं आहेत, अन्नाला शिवलेली नाहीत. पौल भाकर घेतो, सगळ्यांसमोर देवाचे उपकार मानतो, ती मोडतो आणि खाऊ लागतो. त्यानं काय शब्द वापरले तेही लिहून ठेवलेलं नाही. मग सगळ्यांना धीर येतो आणि तेही जेवतात. शास्त्रातल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात म्हटलंच आहे, की देव स्वर्गात आहे, तू पृथ्वीवर आहेस, म्हणून तुझे शब्द थोडे असावेत. तेव्हा आदर म्हणजे लांबण, असं सासूबाईंच्या पिढीतल्या कोणी म्हटलं तर तेही मला पटत नाही.

यमकावरही माझा राग नाही. जॉन सेनिक यांनी १७४१ साली प्रसिद्ध केलेली, प्रभूला आपल्या मेजावर हजर राहायला बोलावणारी इंग्रजी प्रार्थना यमकातच आहे आणि आजही म्हटली जाते. मुलांच्या तोंडी बसायला ताल हवाच. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ साली घरातल्या माणसांसाठी श्रद्धेची शिकवण देणारी लहान प्रश्नोत्तरी लिहिली, तीत जेवणाआधीची आणि जेवणानंतरची अशा दोन्ही प्रार्थना घालून दिल्या. मुलांनी हात जोडून नीट मेजापाशी यावं असं त्यांनी बजावलं, आणि म्हणायला १४५व्या स्तोत्रातल्या ओळी दिल्या: सर्वांचे डोळे तुझ्याकडे लागतात, तू त्यांना वेळेवर अन्न देतोस, मूठ उघडून प्रत्येक जिवाला तृप्त करतोस. खाली त्यांनी एक छोटी टीपही जोडली. तृप्त करणं म्हणजे काय, तर सगळ्या प्राण्यांना एवढं खायला मिळतं की ते आनंदी आणि खुशीत असतात. काळजी आणि लोभ या खुशीच्या आड येतात. मला ही टीप फार आवडते. हात जोडायला सांगणारा माणूस त्याच पानावर खुशीत जेवायलाही सांगतोय. आदर आणि आनंद यांतलं एक निवडायची वेळ तुमच्यावर आलीय असं तुम्हाला वाटतंय, पण तसं निवडावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगतो.

पहिलं बोलणं यजमानांशी, आणि तेही जेवणाच्या वेळी नको, मुलांदेखत तर नकोच. "तुमच्यामुळे आई उठून गेल्या" अशी सुरुवात केलीत तर ते ओळीची बाजू घेत बसतील. त्याऐवजी तो 'चूप'चा प्रश्न विचारा आणि उत्तर त्यांना देऊ द्या. बहुतेक माणसांना स्वतःच्या तोंडून ते ऐकलं की कळतं. आणि त्यांच्याकडून नुसतं काही काढून घेऊ नका, बदल्यात काही द्या. माझा सल्ला असा, की जेवणानंतरची प्रार्थना त्यांच्याकडे सोपवा.

जेवणानंतर प्रार्थना करायची रीत आपल्याकडे बरीच मागे पडली आहे, पण शास्त्रातली स्पष्ट आज्ञा जेवणानंतरचीच आहे. शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात १०वं वचन म्हणतं, तू खाऊन तृप्त होशील तेव्हा परमेश्वराचा धन्यवाद कर. यहुदी लोक आजही तिच्यावरूनच भोजनानंतरचे आशीर्वाद म्हणतात. यामागे मोठं शहाणपण आहे. भुकेला माणूस देवाला आठवतो, पोट भरलेला विसरतो. तो अध्याय पुढे याच विसराळूपणाबद्दल बजावतो. आणि तुमच्या घरापुरतं पाहिलं तर जेवणानंतरचा वेळ हसण्याचाच असतो. पोटं भरलेली, ताटं रिकामी, कोणाला घाई नाही. तेव्हा यजमानांनी मुलांना विचारावं, आज कशावर हसलात? एकेकानं सांगावं. सगळ्यांचं हसून झालं की त्यांनी एका वाक्यात म्हणावं, "प्रभू, या हसण्याबद्दल तुझे उपकार." तिथे विनोद आणि आभार एकाच दिशेला तोंड करून बसतात. आमच्याकडे हे सुरू केलं तेव्हा मुलं दिवसभरातली गंमत रात्रीसाठी जपून ठेवायला लागली.

जेवणाआधी मात्र थोडे ठरलेले शब्द असू द्या. सगळे बसेपर्यंत थांबा. ६व्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमांत, सगळ्यांनी मिळून वचन म्हणावं, प्रार्थना करावी आणि एकदमच जेवायला बसावं म्हणून, त्या वचनाला वेळेवर न येणाऱ्याला समज द्यायची असं ४३व्या अध्यायात लिहिलंय. तेवढं कडक व्हायची गरज नाही, पण सगळे मिळून सुरुवात करण्यात अर्थ आहे. मग एक श्वासभर शांतता. हा एक श्वास सर्वांत महत्त्वाचा. पाठ फिरवायची असेल तर ती जगाकडे, आणि तोंड करायचं ते देवाकडे, यासाठी शरीराला तेवढा वेळ लागतो. मग ठरलेल्या दोन-तीन ओळी, स्तोत्रातल्या किंवा प्रभूच्या प्रार्थनेतल्या. त्यानंतर एकानं आपल्या मनातलं एक वाक्य बोलावं, रोज वेगळ्यानं. हे वाक्य मोकळं असू द्या. त्यात भाजीबद्दलची तक्रार आली तरी चालेल. ठरलेल्या ओळी घरातल्या मोठ्यांना आधार देतात आणि मोकळं वाक्य मुलांना, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

मोठ्या मुलाचं काय करायचं? त्याला देवाची माफी मागायला लावू नका. प्रार्थना शिक्षा म्हणून करायला लावली, की मूल पुढे बरीच वर्षं शिक्षा म्हणूनच करत राहतं. त्यानं त्या दिवशी बाबांचं अनुकरण केलं, आणि टेबलावर थाप मारली ती आजीला हसवायला. ९ वर्षांच्या पोराला हे समजावता येतं. त्याला विचारा, तुला कोणी थँक्यू म्हटलं आणि लगेच दुसऱ्याकडे वळून हसलं, तर ते थँक्यू तुला मिळालं असं वाटेल का? त्याचं उत्तर येऊ द्या. पुढचं तो स्वतःच जोडेल. आजीला वाईट वाटलं त्याबद्दल मात्र त्यानं आजीपाशी जाऊन बोलावं, कारण ते माणसाचं देणं आहे.

धाकटीला काहीच सांगू नका. ४ वर्षांच्या मुलीच्या प्रार्थनेत बाहुली येईल, मांजर येईल, नाक पुसणं येईल. तिला मध्ये थांबवून सुधारलंत तर ती देवाशी बोलणं सोडून तुमचा चेहरा वाचायला लागेल. आणि तिच्या प्रार्थनेवर हसू आलं तर ओठ दाबून हसा, पण तिचं वाक्य पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणायला लावू नका. दुसऱ्यांदा म्हणताना ती ते देवाला म्हणत नसते.

प्रार्थनेच्या मध्येच सगळ्यांना हसू फुटलं तर काय, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. होतं असं. कोणाच्या पोटातून आवाज येतो, कोणी चुकून 'आमेन'ऐवजी 'हॅलो' म्हणतं. अशा वेळी रागावू नका, आणि हसू आवरत प्रार्थना ओढूही नका. शांतपणे आमेन म्हणा आणि मग मनसोक्त हसा. देवाला ते मघाशीच ऐकू आलंय.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचा मान राखणं हा आदराचाच भाग आहे, हे मी ठासून सांगतो. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत लोक एकत्र जेवायला जमत तेव्हा कोणी उपाशी राहत असे तर कोणी पिऊन झिंगत असे. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात पौल त्यांच्यावर संतापतो ते याच कारणासाठी, की गरिबांना खाली बघायला लावून तुम्ही देवाच्या मंडळीचा अपमान करता. देवाच्या नावानं बसलेल्या जेवणात एखादं माणूस दुखावून उठतं, तेव्हा प्रार्थनेचे शब्द कितीही बरोबर असले तरी काहीतरी बिघडलेलं असतं. म्हणून यजमानांनी आईची क्षमा मागावी, बायकोमार्फत नव्हे, स्वतः. आणि दुसऱ्या बाजूनं, सासूबाईंनीही नातवासमोर ताट सारणं बरोबर नव्हतं, हे कधीतरी, राग निवल्यावर, यजमानांनीच त्यांना प्रेमानं सांगावं.

तुम्ही स्वतः मात्र त्यांच्याकडे दुसरं काम घेऊन जा. त्या लहान असताना त्यांच्या घरी जेवणाआधी काय म्हणायचे ते विचारा आणि नातवाला शिकवा म्हणा. त्यांनी शिकवलेल्या ओळीच तुमच्या घरातल्या ठरलेल्या ओळी होऊ द्या. म्हाताऱ्या माणसांच्या प्रार्थनेत अनेकदा असे शब्द असतात जे आता कुठे ऐकू येत नाहीत, आणि मुलांना ते जुने शब्द विलक्षण आवडतात. नातू चुकला तर त्याही हसतील. मी हे होताना पाहिलंय.

आणि आमेन सगळ्यांनी मिळून म्हणा. उद्या जेवायला बसाल तेव्हा त्याची सुरुवात धाकटीला करू द्या, बाकीच्यांनी तिच्या आवाजाला आवाज मिळवा.